आत सोडलेलं कापड

येडशीत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. गावातल्या निम्म्या बायकांची मापं मला पाठ आहेत. कोणाचा उजवा खांदा उतरता आहे, कोणाला सैल आवडतं, कोण माप देताना श्वास रोखून धरतं, सगळं ठाऊक. श्वास रोखणाऱ्या बाईला मी मुद्दाम सुनेबद्दल विचारते. ती बोलायला लागली, श्वास सुटला, की टेप वाचते. नाहीतर तीच बाई चार दिवसांनी ब्लाउज घेऊन दारात भांडायला.

माझं स्वतःचं माप मात्र मी बरीच वर्षं घेतलंच नव्हतं. जुन्या ब्लाउजवर नवा बेतायचा आणि कडेनं बोटभर जास्त कापड धरायचं, एवढंच. दिवसभर बसून काम, हाताशी चहा, आणि गिऱ्हाईक बायका झाकून आणतात त्या वाटीत काही ना काही. शेवटी गुडघे बोलायला लागले आणि साखर काठावर आली. धाराशिवच्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं की वजन उतरवा, नाहीतर मशीन विसरा. माझा स्वभाव म्हणजे खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी. मोबाईलमध्ये कॅलऱ्या मोजणारं ॲप घेतलं. भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी, जे तोंडात जाईल ते आधी त्यात भरायचं. सकाळी रामलिंगच्या रस्त्यानं चालायला जायचं. वर्षभरात पंधरा-सोळा किलो उतरले, गुडघे गप्प झाले, साखर जागेवर आली. त्याबद्दल मी आजही उपकार मानते, डॉक्टरबाईंचे आणि देवाचेही.

गावानं गावासारखंच केलं. निम्म्या बायका म्हणाल्या लई झटकलीस, आणि निम्म्यांनी हळूच विचारलं की काही दुखणं तर नाही ना. मला दोन्हीचा राग यायचा. राग तसा माझ्या नाकावरच असतो.

याच दिवसांत मी एक उद्योग केला. तो कळायला आधी आपांबद्दल सांगायला हवं. आपा आमच्या गल्लीतल्या. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला साधं बटण लावता येत नव्हतं. आपांनी मला त्यांच्या मशीनवर बसवलं आणि कात्री धरण्यापासून सगळं शिकवलं, तेही कधी एक रुपया न घेता. त्यांनी सगळ्यात आधी शिकवलं ते हे, की ब्लाउजच्या दोन्ही कुशींना, शिवणीच्या आत, दोन बोटं कापड सोडायचं. आम्ही त्याला मार्जिन म्हणतो. बाई अंगानं भरली की शिवण उसवून ब्लाउज सैल करता येतो. आपा म्हणायच्या, बाई माहेरी जाऊन आली की बोटभर सुटतेच, आत कापड ठेव, नाहीतर शिव्या खाशील. मी आजवर कोणाच्याही ब्लाउजला मार्जिन सोडायला विसरलेले नाही.

पण वजन उतरल्यावर माझे स्वतःचे सहाही ब्लाउज मी उसवले, नव्या मापाला आत घेतले, आणि आत जे कापड उरलं ते शिवणीच्या अगदी कडेनं कापून टाकलं. पुन्हा जाड व्हायची सोयच ठेवायची नाही. मागं फिरायची वाट मीच बंद केली आणि त्याचा मला केवढा अभिमान वाटला. कापलेल्या पट्ट्या कात्रणांच्या पिशवीत गेल्या. ती पिशवी महिन्या-दोन महिन्यांनी आपांच्या घरी जाते. त्यांची नजर आता फार मंद झाली आहे, ऑपरेशन होऊनही म्हणावा तसा फरक पडला नाही. मशीन बंद झालं, पण हातानं गोधड्या शिवणं त्यांनी सोडलं नाही. सकाळी सुनेकडून सुया ओवून घेतात आणि दिवसभर बोटांनी चाचपत टाके घालतात.

नंतरच्या तपासणीला डॉक्टरबाई म्हणाल्या, आता पुरे. वजन जिथं आहे तिथं राहू द्या आणि खाणं हळूहळू वाढवा. दोन्ही वेळा पूर्ण भाकरी, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे. दुसरं कोणी असतं तर नाचत घरी आलं असतं. मी एसटीत बसून घामाघूम झाले.

कमी खाणं मला जमत होतं. जास्त खाणं जमेना. अर्ध्या भाकरीची पूर्ण केली की ती जुनी बाई दार ढकलून घरात येईल आणि माझ्या मशीनवर बसेल, असं वाटायचं. भाकरी ताटात घेतली तरी अर्धी मोडून बाजूला ठेवायची. शेंगदाणे मुठीत घ्यायचे आणि डब्यात परत टाकायचे. टेप गळ्यातच असते, त्यामुळं जेवणाआधी कंबर मोजायची आणि जेवणानंतर मोजायची. लग्नाचं निमंत्रण आलं की मी उपवासाचा वार शोधायचे. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, सगळे देव माझ्यावर खूश असतील. आमचे यजमान वीज खात्यात लाइनमन आहेत. वादळात खांबावर चढणारा माणूस, पण माझ्या ताटाकडं बघून काही बोलायला घाबरायचा. एकदा फक्त म्हणाला की डॉक्टरबाईंनी वाढवायला सांगितलंय ना. मी अशी काही उसळले की पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

अंग सांगत होतं, मी ऐकत नव्हते. केस हातात यायचे. उन्हात बसले तरी बोटं गार. उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. गिऱ्हाइकांवर खेकसणं वाढलं. एक-दोन ब्लाउज वाकडे कापले गेले, जे माझ्या हातून कधी होत नाही. मी म्हणायचे, थंडीचे दिवस आहेत.

मग येळवस आली. आमच्याकडं वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे शेतात. शेतात कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पूजा मांडायची, आणि मग जेवायचं. सगळ्या शेंगा आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यात आंबवलेलं ताकाचं आंबील. वाटेनं जाणाऱ्याला हाका मारून जेवायला बसवायचं, ओळख असो वा नसो. त्या दिवशी नको म्हणणं हा आमच्याकडं अपमानच. म्हणजे माझ्यासाठी वर्षातला सगळ्यात भीतीचा दिवस. यंदा अमावस्येचाच उपवास आहे असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं.

सकाळी बिनसाखरेचा चहा घेतला आणि हिरव्या खणाचा ब्लाउज घातला. आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन शेतात जायचा मान त्या वर्षी माझा होता. आमचं शेत गावापासून लांब नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई, घरातली बाकी माणसं पुढं गेली होती. आपा दरवर्षी आमच्याबरोबर येळवशीला असतात, त्यांनाही टेम्पोतून आधीच नेलं होतं. मी बांधावरून चालत कोपीपाशी पोहोचले, मडकं उतरवायला दोन्ही हात वर केले, आणि उजव्या कुशीत टर्रकन आवाज झाला.

जाऊबाईंनी मडकं धरलं म्हणून वाचलं. मी पदर लपेटून कोपीच्या मागं पळाले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मी जाड झाले. एवढं करून, एवढं उपाशी राहून, मी परत जाड झाले. तिथं कडब्याच्या आडोशाला, उन्हात गोधडी अंथरून आपा बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि लहान पोरीसारखी रडले.

आपांनी काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी पदराखाली हात घालून फाटलेल्या जागेवरून बोटं फिरवली. एकदा, दोनदा.

"शिवण जागच्या जागी हाय," त्या म्हणाल्या. "कापड दसकटून निघालंय, धागं सुटलेत. तू वाढली न्हायस बेटा. टाक्याला धरायला आत काय ठेवलंच न्हाईस तू."

उस्तादासमोर मी मान खाली घातली. त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं, कारण ज्या गोधडीवर आम्ही बसलो होतो तिच्या कडेला माझ्याच ब्लाउजच्या पट्ट्या होत्या. मी त्या क्षणी पाहिल्या. आपा कडेवरून चाचपत गेल्या आणि हिरव्या पट्टीवर थांबल्या. खणाची वीण बोटांना कळते. नखानं टाके उचकटून त्यांनी ती पट्टी गोधडीतून सोडवली. पदराला खोचलेली सुई काढली. सकाळचा दोरा संपलेला होता. गोधडीतूनच एक लांब धागा ओढून काढला आणि सुई-धागा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, ओव.

मी झोपेतही सुई ओवीन. धाग्याचं टोक ओठांत ओलं केलं, पीळ दिला आणि धरलं. टोक इकडं, नेढं तिकडं. पुन्हा धरलं. हात थरथरत होते. मी कोपर गुडघ्यावर टेकवलं, श्वास रोखला, माझ्या गिऱ्हाइकांसारखा. धागा काही जाईना. माझ्याच हातांकडं मी परक्याचे असल्यासारखी बघत राहिले. या हातांवर माझं घर चालतं, पोराच्या शिक्षणाचा अर्धा खर्च निघतो. तेव्हा मला खरी भीती वाटली, आणि ती जाड व्हायची नव्हती.

आपांनी माझं मनगट धरलं.

"मला दिसत न्हाय," त्या म्हणाल्या, "अन् तुझं हात थांबत न्हाईत. मग ह्ये शिवायचं कुणी?"

त्यांनी जाऊबाईंना हाक मारून ताट मागवलं, दोघींना मिळून एकच. जाऊबाईंची जीभ एरवी कात्रीपेक्षा धारदार. त्यांनी माझा चेहरा पाहिला, ताट ठेवलं आणि एक शब्द न बोलता गेल्या. ते न बोलणं मी त्यांचं देणं लागते.

ताटात भज्जी होती, वर तेलाचा तवंग. उंडे होते, खीर होती. माझं डोकं सवयीनं आकडे मांडायला लागलं. आपांना दिसत नव्हतं तरी कळलं असावं. म्हणाल्या, हिशोब मागनं कर, मला भूक लागलीय. त्यांनी उंडा मोडला, भज्जीत बुडवला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. मग आंबील प्याले, लसणाची फोडणी दिलेलं, आंबट, गार. ते घशातून खाली जाताना मला पुन्हा रडू आलं, पण हे रडू वेगळं होतं. किती दिवसांनी मी कोणाबरोबर एका ताटात जेवत होते. दुसरा उंडा मी माझा मीच घेतला.

जेवून झाल्यावर आम्ही उन्हात बसून राहिलो. पलीकडं हरभऱ्यात पोरांचा दंगा चालला होता. जरा वेळानं आपांनी पुन्हा सुई पुढं केली. धागा पहिल्याच खेपेला आत गेला.

त्यांनी माझ्या अंगावरच ती पट्टी कुशीत बसवली, चाचपत, बारीक टाके घालत. मग म्हणाल्या, हात वर कर. मी दोन्ही हात वर केले. कुठंच ओढलं नाही.

त्या दिवसापासून भीती गेली असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी कंबर मोजली. होती तेवढीच होती. मग अर्ध्या भाकरीची पाऊण झाली, पाऊणची पूर्ण व्हायला उन्हाळा उजाडला. मध्ये चार पावलं मागंही गेले. एक दिवस मी भाकरीचा दुसरा तुकडा मागितला, तेव्हा यजमानांनी इतक्या जपून तो ताटात ठेवला, जणू तारेत करंट आहे. मला हसू आलं, त्यालाही आलं. कमरेला बोटभर वाढही झाली आहे. डॉक्टरबाई म्हणतात, ठीक आहे, हीच तुमची जागा. चक्कर गेली, केस थांबले, गिऱ्हाइकांनाही आता कमी बोलणी बसतात.

राहिलेल्या पाच ब्लाउजांसाठी मी नवं कापड आणते म्हटलं, तर आपांनी ऐकलं नाही. कापड हाय की, म्हणाल्या, आणि गोधडी मांडीवर ओढली. एकेक ब्लाउज मी घेऊन जायचे, त्या गोधडीच्या कडेची पट्टी सोडवायच्या आणि कुशीत बसवायच्या. त्या थंडीत त्यांच्या गोधडीची एक बाजू अशी उघडी पडत गेली. पांघरताना ती बाजू पायाकडं घेते, एवढंच त्या म्हणाल्या. पुढं मी ती कड माझ्या हातानं भरून दिली, पण ती थंडी त्यांनी तशीच काढली.

सुई मात्र दर वेळी मीच ओवायची, असा त्यांचा नियम होता. सून घरात असली तरी. सुई माझ्या हातात द्यायच्या आधी त्या विचारायच्या, "जेवून आलीस का?"

मी हो म्हणायचे, आणि ते खरं असायचं.