तोफ काढून क्रेन बसवणारा दामूशेठ

दामूशेठ गेल्याचा फोन त्याच्या मुलाने, नितीनने केला, तेव्हा मी निजामपुऱ्यातून कोन गावी त्याच्याकडेच निघालो होतो. "वापस लूँ क्या, चाचा?" रिक्षावाल्याने विचारले. मी म्हणालो, चल पुढे…

तेराव्याला पाहुण्यांपुढे नितीन म्हणाला, "बाबा तसे भित्रेच. गेममध्येपण लढायला जायचे नाहीत, नुसत्या गाड्या बनवत बसायचे." सगळे मायेने हसले. त्या हसण्याला माझा आक्षेप आहे आणि तो मी येथे लेखी नोंदवतो.

दामूशेठ माझा अशील. जमिनीचा दावा संपला आणि मैत्री उरली. शेतावर गोदामे उभी राहिल्यावर हा कष्टाळू माणूस रिकामा झाला. नितीनने दोन संगणक जोडून आम्हाला युद्धाचा एक खेळ लावून दिला. आम्ही दोघे एका बाजूला, शत्रू खुद्द संगणक. पहिल्या भागात रणगाडे तयार मिळत. दामूशेठ जांभया देई. दुसऱ्या भागात प्रत्येक गाडी खेळाडूने स्वतः जुळवायची सोय आली: सांगाडा, चाके की पट्टे, शस्त्र, चिलखत. एक वाढवले की दुसरे घटते. तेव्हापासून तो रंगात आला.

माझी रचना सरळ होती: मोठी तोफ, हलके चिलखत, भरपूर वेग. लोक याला उतावीळपणा म्हणतात. ज्यांनी जन्मात कधी चढाई केली नाही तेच तसे म्हणतात. दामूशेठने मात्र एका गाडीवरची तोफच उतरवली, तिथे क्रेन बसवली आणि उरलेले सगळे बळ चिलखतात घातले. ती गाडी गोगलगाईसारखी सरके.

"शेठ, हिच्यातून वरात काढणार का?"

"तुमचीच काढू ना. तुमी फुडं जावा, वकील. मी हाय मागं."

नदीपलीकडे माझे रणगाडे घुसले आणि जायबंदी होऊन अडकले. ती बिनतोफेची गाडी भर माऱ्यात आली, एकेक रणगाडा ओढत मागे घेऊन गेली आणि दुरुस्त करून माझ्या हवाली करत राहिली. उलट मारा करायला तिच्याकडे काहीही नव्हते. निःशस्त्र वाहन तोफांच्या तोंडी नेणाऱ्यास भित्रा म्हणावे, असे मला कोणत्याही कायद्यात आढळलेले नाही. पुढेही त्याने जी जी गाडी जुळवली, ती मी कुठे फसणार हे ओळखून. दलदलीसाठी रुंद पट्टे, घाटासाठी साखळदंड… इतक्या बारकाईने मला माझ्या घरच्यांनीही ओळखलेले नाही.

नितीनला हे तोंडी पटेना. तेराव्यानंतरच्या रविवारी मी त्याला समोर बसवले. "तोफा तू घे. तुझ्या बापाची गाडी मी चालवतो."

पोरगा माझ्याइतकाच जोमाने घुसला आणि माझ्यासारखाच अडकला. मी क्रेन घेऊन निघालो. गोळे पडू लागले. संथ चालणे आणि मार खाणे, एवढेच त्या गाडीचे काम.

"काका, मागे फिरा. फुकट जाल."

"गप बस. येतोय."

त्याचा रणगाडा बाहेर काढला, तेव्हा नितीन पडद्याकडे बघत राहिला.

"बाबा रोज हे करायचे?"

"कोणासाठी, तेही विचार."

त्याने माझ्या हातातला माऊस काढून घेतला.

हल्ली रविवारी मी कोनला जातो. नितीन सगळ्या तोफा मला देतो. ती गाडी मात्र तो मला चालवू देत नाही.