विटेचे डोहाळे

घराचा अभिमान बाळगणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटत नाही. माझ्या वाट्याला आलेला तेवढा आदर आमच्या वडिलांनी संपवून टाकला.

मुलुंडचं आमचं घर त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी एका गाव सोडून चाललेल्या गृहस्थाकडून घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओसरी. कौलं गळत, विहीर होळीलाच आटे. पण पागोळीखालची दर्शनी भिंत उघड्या विटांची आणि लालभडक होती. घर गळ्यात मारताना त्या गृहस्थाने सांगितलं होतं की या विटा बोटीने विलायतेहून आल्या आहेत. वडिलांनी घरापेक्षा ते वाक्यच जास्त सांभाळलं. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला भिंतीपुढे उभं करत. "हात लावू नका. नुसतं बघा." पाहुणा बघे. चहाची गरज असल्यामुळे वा-वाही म्हणे.

लढाई संपून आठ-दहा वर्षं झाली असतील, तेव्हा माझं लग्न झालं. बायको आतल्या खोलीत माझ्या दोन बहिणींच्या मधोमध निजे आणि मी ओसरीवर वडिलांच्या घोरण्याला लागून. नवराबायको म्हणून आमची भेट स्टेशनवरच्या बाकावर होई. वर्षभर हा संसार केल्यावर मी धीर करून म्हटलं, "बाबा, ओसरीच्या कडेला एक खोली काढू या."

"काढ की," वडील म्हणाले. "पण रस्त्यावरून बघणाऱ्याला जोड दिसता कामा नये. ठिगळ लावलेल्या घरात मी राहणार नाही. आधी तशीच वीट आणून दाखव, मग पाया खण."

म्हणजे माझा संसार एका विटेवर येऊन अडला. भिंतीच्या कोपऱ्यातला एक सुटलेला तुकडा काढला, रुमालात गुंडाळला आणि ऑफिसच्या पिशवीत टाकला. रुमाल लाल झाला. मला आनंद झाला. वीट जातिवंत असल्याशिवाय का तिचा रंग रुमालात उतरेल! इतका गाढव माणूस सरकारी नोकरीत कसा घेतात असा प्रश्न तुम्हाला पडेल. तिथे मी एकटा नव्हतो, एवढंच सांगतो.

पहिल्या रविवारी भांडुपला खाडीच्या बाजूच्या भट्टीवर गेलो. विटा होत्या पिवळट, अर्धवट भाजलेल्या भाकरीसारख्या. मी त्यांच्याकडे वडिलांकडून उचललेल्या नजरेने पाहिलं.

"ह्या विटा?"

"मग काय बटाटे?" खाटेवर बसलेला भट्टीवाला म्हणाला.

"आमची वीट विलायती आहे." मी रुमाल उलगडला.

त्याने तुकडा बघायचेही कष्ट घेतले नाहीत. "मग विलायतेला जा ना. इथे कशाला उन्हात फिरता?"

अशा अडाणी माणसाशी काय बोलायचं, म्हणून मी परत आलो.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक सर्वज्ञ बसत असे. हातातलं काम सोडून जगातल्या सगळ्या विषयांतलं त्याला कळे. तो म्हणाला, "अरे, नवीन वीट काय बघतोस! वांद्र्याला जुने बंगले पाडतायत, तिथे जा. आणि वीट घेताना जीभ लावून बघायची. भुसभुशीत वीट जीभ धरून ठेवते. चांगली वीट सोडते."

"तुला कसं माहीत?"

"यार, कॉमन सेन्स!"

वांद्र्याला एका पाडलेल्या बंगल्याच्या ढिगाऱ्यावर मी कोट-टोपी घालून चढलो. बाया घमेली वाहत होत्या. मी एक वीट उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि चाटली. दुसरी चाटली. तुलनेसाठी रुमालातला तुकडाही चाटला.

"अगं बया!" घमेलं डोक्यावर तसंच ठेवून एकजण ओरडली. "सायबाला डोहाळं लागलं गं!"

"कितवा म्हनायचा?" दुसरी म्हणाली.

सगळं काम थांबलं. पाडकामाचा मुकादम धावत आला आणि मी विटा खातोय हे बघून हात जोडून म्हणाला, "साहेब, भूक लागली असेल तर समोर हॉटेल आहे." मी त्याला माझ्या शोधाचं महत्त्व पटवून देऊ लागलो, पण जीभ बाहेर काढून जे दाखवायला गेलो, त्याने त्या बायांना हसू आवरेना. मी ढिगाऱ्यावरून घसरत खाली आलो.

घरी आलो तर बायको दारातच उभी. माझ्या तोंडाकडे बघून तिचे डोळे मोठे झाले.

"पान खाऊन आलात? आणि एकट्यानेच?"

"पान नाही गं."

"मग जीभ कशाने रंगली?"

"वीट चाटली."

तिने कुठल्याही शहाण्या बाईने केलं असतं तेच केलं. माझ्या हातातला तुकडा घेतला, मोरीवर नेला आणि काथ्याने घासला. लाल पाणी वाहून गेलं. हातात राहिला एक पिवळट, भाकरीसारखा तुकडा. मी तो ओळखला. तो भांडुपचा होता, किंवा त्याचा सख्खा भाऊ.

"हिरमंजी आहे ही," ती म्हणाली. "आमच्याकडे तुळशीवृंदावनाला लावतात."

पलीकडे भाजी निवडत बसलेल्या आईने मान वर केली नाही. "दर दसऱ्याआधी हे ऑफिसला गेले की मीच गडी बोलावून लावून घेते. संध्याकाळी येतात आणि मलाच सांगतात, बघ, विलायती वीट कशी झळकतेय."

"अगं आई, मग सांगितलं का नाहीस?"

"कशाला? अभिमान धरावा असं दुसरं काय आहे त्यांच्यापाशी?" तिने माझ्या जिभेकडे पाहिलं. "दुसरं म्हणजे तूच ना?"

मी पुन्हा भांडुपला गेलो. भट्टीवाला त्याच खाटेवर होता. "आलात विलायतेहून?" एवढंच म्हणाला. मी एक वीट मुकाट्याने पिशवीत घातली. आईने ती फोडून जुन्याएवढा तुकडा काढला, दोन्ही तुकड्यांना हिरमंजी फासली, या वेळी आळस न करता खळ घालून, म्हणजे बोटाला लागायला नको, आणि ते चुलीमागे वाळत ठेवले.

रविवारी सकाळी दोन्ही तुकडे वर्तमानपत्रावर मांडून मी वडिलांपुढे उभा राहिलो. "बाबा, ही आपली आणि ही—"

"सांगू नकोस. मला ओळखता येते."

त्यांनी चष्मा लावला. तुकडे उलटेसुलटे केले, टिचकी मारली, वासही घेतला. मग भांडुपची वीट तळहातावर घेऊन म्हणाले, "ही आपली. बघ, कशी भरलेली आहे! आणि हा," स्वतःच्या भिंतीतला तुकडा त्यांनी मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरला, "हा कुठल्या उकिरड्यावरून आणलास? हा माल लावणार असशील तर खोली विसर."

सगळं सांगून टाकावं असं फार वाटलं. त्यांचं तोंड बघायला मी महिन्याचा पगार दिला असता. पण स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर स्टेशनवरचा बाक स्पष्ट दिसत होता.

आईच म्हणाली, "अहो, पण ह्या आपल्या विटेसारखी हुबेहूब मिळाली तर?"

"कुठे मिळणार?"

"भांडुपला. ह्याने बघून ठेवलीये."

वडील माझ्यावर खेकसले, "मग ती सोडून हा धोंडा का दाखवतोस? कधी अक्कल येणार तुला?"

"चुकलं, बाबा," मी म्हटलं.

खोली झाली. त्या दसऱ्यापासून हिरमंजी मी लावू लागलो, वडील देवळात गेले की, जुन्या-नव्याला सारखीच. वडील मात्र पाहुण्याला चहाआधी आता जोड शोधायला लावत. पाहुण्याला तो सापडत नसे. मग वडील पुढे होऊन छडीने जागा दाखवत, आणि ती जागा नेमकी जुन्या भिंतीत, खऱ्या जोडापासून दोन हात आत असे.

"इथपासून पुढे मुलाने बांधलंय," ते म्हणत. "फार हिंडला बिचारा. पण विलायती वीट ती विलायतीच. फरक कळतो की नाही?"

"कळतो, कळतो," पाहुणा म्हणे.

मीही मान डोलावत असे. खोली मिळालेल्या माणसाला भिंतीशी काय करायचंय?