मागून दबलेली बोट

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. अंगात येणाऱ्या बाईला मी तोंडावर विचारलेलं आहे, तुझ्या देवीला नेमकं भांडी घासायच्या वेळेलाच कसं यायचं सुचतं? तेव्हा पुढचं वाचून मला भित्री समजू नका.

आम्ही साताऱ्याकडचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे मद्रासला आलो. ते गेले, मी इथेच राहिले, वेलचेरीत मुलाजवळ. मुलगा विलास ओरगडमला मोटारीच्या कारखान्यात होता. चांगली नोकरी सोडून त्याने जुन्या लाकडी बोटी दुरुस्त करायचं खूळ घेतलं. पहिलंच काम मिळालं ते बकिंगहॅम कालव्यातून पूर्वी माणसं नेणाऱ्या बोटीचं. कुणाच्या तरी नारळाच्या बागेत उलटी पडली होती. एका रिसॉर्टवाल्याला ती मुट्टुकाडूच्या पाण्यात फिरवायची होती.

विलास आणि मुरुगन सुतार तिच्यावर वर्षभर राबले. सडक्या फळ्या बदलल्या, फटींत कापूस आणि राळ ठासली. आत मधोमध आडवं लाकडी पार्टिशन होतं... पुढे पुरुष, मागे बायका. रिसॉर्टवाला म्हणाला, हे काढा, ओपन दिसलं पाहिजे. काढलं.

बोट पाण्यात सोडली आणि ती मागून दबली. गळती नाही, आत थेंब नाही. पुढे वाळूची पोती ठेवली, तरी तशीच. इंजिनिअर आला, टेप लावून मान हलवून गेला. रिसॉर्टवाल्याने सांगितलं, सोमवारपर्यंत सरळ झाली नाही तर काठावर ओढून तिच्यात चहाचं दुकान टाकतो, आणि पुढचं कामही विसरा.

विलास जेवेना. रात्रभर हॉलमध्ये फेऱ्या. मलाही झोप लागेना, म्हणून रविवारी त्याच्याबरोबर गेले. भर दुपार होती.

"आई, तू घरीच बरी होतीस."

"घरी तरी तू कुठे बसू देतोस?"

मी बोटीकडे बघत राहिले. मग म्हटलं, "आडोसा काढलास ना? मग बायका मागे कोंबून बसणारच. परक्या पुरुषांच्या तोंडासमोर कोण बसेल?"

"कुठल्या बायका? रिकामी आहे ती."

"मी आपली बोलले."

"पाटी काय म्हणतात?" मुरुगनने विचारलं. पाटी म्हणजे आजी, म्हणजे मी. विलासने चिडून तमिळमध्ये सांगितलं. मुरुगन हसला नाही. "लावून बघू, सार. नाहीतरी जाळायलाच काढून ठेवलंय."

दोघांनी पार्टिशन उचलून जागच्या जागी बसवलं, पोती काढली आणि काठावर आले.

बोटीची मागची बाजू वर आली. एकदम नाही... एकेक जण उठून सुटं सुटं बसावं, तशी. मग सरळ झाली आणि सरळच राहिली.

विलासने वाकून बोटीची दोन्ही टोकं पुन्हा पुन्हा पाहिली. मग म्हणाला, "पहिली तू बस."

मी पार्टिशनच्या मागे गेले. सगळी बाकं मोकळी, त्यांच्यावर ऊन पडलेलं. बसमध्ये चढल्यावर म्हणते तसं सवयीने तोंडातून गेलं, "कोंजम तळ्ळी उक्कारुंग." जरा सरकून बसा.

पायाखाली बोट हलली. अगदी जराशी. पाणी थाळीसारखं स्थिर होतं, ते दोघं काठावर होते.

सोमवारी रिसॉर्टवाल्याने बोट पास केली. पार्टिशन ठेवायला तो कुरकुरत तयार झाला. विलासला दुसरी बोट मिळाली आहे, जेवतो आता. लाकूड फुगलं असेल, पाण्याला ओढ असेल, असं तो सांगतो. इंजिनिअर म्हणतो, मधोमध ठेवलेल्या चार फळ्यांनी मागची बाजू उचलली जात नाही. त्यांचं त्यांनी बघावं.

आत कुणी होतं असं मी म्हणत नाही. मला काही दिसलं नाही. फक्त एवढी बाकं मोकळी असताना मी अंग चोरून टोकाला का बसले, ते मला अजून कळलेलं नाही.