गवताचा टेम्पो आणि माझा जळफळाट

मंडळी, आज जिवलग मैत्रिणीवर जळले.

कॉलेजात स्पर्धेच्या निवडीसाठी मनालीने आणि मी गाड्या ओळखणारे आपापले प्रोग्राम दाखवले. पडद्यावर हायवेवरच्या अच्छाड नाक्याचा व्हिडिओ होता. गवताने शिगोशीग भरलेला टेम्पो आला. माझा प्रोग्राम म्हणाला, झाड! सगळे हसले. मनालीच्या प्रोग्रामने त्याच्याभोवती नेमकी चौकट आखून 'टेम्पो' लिहिलं.

सर म्हणाले, "मनाली, स्पर्धेला तू जा."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं जमवलंस गं?"

"नाक्यावर उन्हात उभी राहून असल्याच गाड्यांचे फोटो काढले, ते प्रोग्रामला शिकवले. तुलाही बोलावलं होतं ना! तू म्हणालीस, नेटवर तयार फोटो मिळतात."

अभिनंदनसुद्धा न करता मी निघून आले. खरं सांगा, चूक आपलीच असली की हेवा जास्त वाटतो का?