दलदलीच्या राणीला हुर्यो

जानेवारी २०१७ मधल्या एका गुरुवारी, आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यात, नासजवळच्या एका गावात, भरलेल्या सभागृहाने तेरा वर्षांच्या एका मुलीची हुर्यो उडवली. मुलगी माझी होती. हुर्यो सुरू करणारी बाई माझ्या सासूबाई होत्या.

गावातल्या मुलांचा एक गट दर जानेवारीत पॅन्टोमाइम बसवतो. नावावरून मूकनाट्य वाटेल, पण तिथे गप्प कोणीच बसत नाही. गाणी, फार्स, बाईच्या वेशातला एक मोठा माणूस, आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा. काही नियम पक्के आहेत. चांगली पात्रं प्रेक्षकांच्या डाव्या हाताकडून येतात, दुष्ट पात्र उजव्या हाताकडून. दुष्ट आला की प्रेक्षकांनी 'बू' करायचं. त्याने उलट बोलायचं. मग त्यांनी आणखी जोरात ओरडायचं. टाळ्या नायकाला मिळतात, दुष्टाला हेच मिळतं, आणि ते जितकं मोठं तितकं काम चांगलं झालं असं समजतात.

आम्ही २०१४ मध्ये पुण्याहून इथे आलो. मुलगी पहिल्या वर्षी या गटात झाड झाली, दुसऱ्या वर्षी गाईचे मागचे पाय. तिसऱ्या वर्षी तिने दुष्टाचं काम मागून घेतलं. नाटक बसवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी तिला एक उतारा वाचायला लावला आणि "ग्रँड" एवढंच म्हणाल्या. काम दलदलीच्या राणीचं होतं. गावातल्या गाई पळवणारी राणी. सप्टेंबरपासून दर मंगळवारी तालमी झाल्या. जुन्या पडद्याचा झगा शिवला. तोंडाला हिरवा रंग.

बुधवारी रंगीत तालीम झाली. समोर आईवडील, शेजारपाजारचे लोक, काही लहान भावंडं. राणी उजवीकडून आली आणि तिने पहिलं वाक्य टाकलं : "या गावातली एकूण एक गाय आजपासून माझी." संहितेत यापुढे 'थांब' असं लिहिलेलं होतं. ती थांबली. समोरून काहीच आलं नाही. माझ्या पुढच्या रांगेत पाचेक वर्षांच्या एका मुलाने तोंड उघडलं होतं. त्याच्या आईने त्याच्या दंडावर हात ठेवला. मग मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्यांनीही वाजवल्या. राणी चार वेळा आली, चारही वेळा हेच झालं.

तालमीनंतर मुलगी बाईंशी बोलली. उद्याही असंच झालं तर शुक्रवारपासून हे काम गेल्या वर्षीच्या दुष्टाला द्या, त्याला संवाद पाठ आहेत, असं तिने सांगितलं. पोरांना मागे बसवून बू करायला लावू, असं बाईंनी सुचवलं. त्याला ती नाही म्हणाली. उद्याचं उद्या बघू, असं ठरलं.

गाडीत ती हिरव्या तोंडाने मागे बसली होती. ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत. घरात असंच चालतं.

"ते माझ्याशी चांगलं वागत होते," ती म्हणाली.

"मग त्यात वाईट काय?"

"आई, मी वाईट आहे. तेच तर माझं काम आहे."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "गाईचे पाय होते तेव्हा सगळे हसले होते. तेव्हा मी कोण आहे ते दिसत नव्हतं."

वर्तमानपत्रात अकरा वर्षं काढल्यामुळे एकाच बाजूचं ऐकून थांबायची मला सवय नाही. पलीकडच्या घरातला शेजारी बस चालवतो. त्याची मुलगी त्याच नाटकात गावकरी होती आणि तोही तालमीला होता. संध्याकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना त्याला विचारलं.

"तुझी पोर झकास आहे," तो म्हणाला.

"मग बू का नाही केलं?"

त्याने डबा सरळ केला. "गावात अशी ती एकटी. सगळ्यांनी मिळून तिला बू करायचं म्हणजे... बाहेरून कसं दिसेल? तुम्हालाच कसं वाटेल?"

"तिला बरं वाटेल."

"तू म्हणतेस म्हणून," तो म्हणाला, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

सासूबाई नोव्हेंबरात आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. कऱ्हाडजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं शिकवलं. त्या रात्रीच्या जेवणाच्या तयारीला लागल्या होत्या. भिंतीवरच्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात. दोन महिन्यांत त्याही म्हणायला लागल्या होत्या.

"वरच्या प्रेसमधला रवा काढ. आणि पोर का रुसलीय?"

मी सगळं सांगितलं. कोणी ओरडलं नाही म्हणून मुलगी रडते आहे, हे त्यांना समजावून सांगावं लागेल असं मला वाटलं होतं.

"मग रडंल न्हाई तर काय," त्या म्हणाल्या. "आमच्या गॅदरिंगला खाष्ट सासूचं काम केलेल्या पोरीला टाळ्या पडल्या की ती मागं येऊन हंबरडा फोडायची. शिव्या पडल्या की खूश."

"ते काम शिकवायचं कोण? तुम्हीच?"

"मग? अनुभव नको व्हय?"

त्यांनी रवा भाजायला घेतला. मुलगी तोंड धुऊन आली. कानामागे हिरवा रंग राहिला होता. सासूबाईंनी तो पदराने पुसला.

"उद्या मी पुढं बसती," त्या म्हणाल्या.

"आजी, प्लीज. काही करू नकोस." एवढं तिने मराठीत सांगितलं, म्हणजे तिला खरोखरच काळजी वाटत होती.

"मी म्हातारी काय करणार? बघणार. आणि तू. वाक्य संपलं की पाय हलवत होतीस का?"

मुलीने होकारार्थी मान हलवली.

"हलवायचा न्हाई. राणी हायेस. ओरडा येईस्तोवर उभी राहा. त्यांना अवघडू दे."

गुरुवारी साडेसातला पडदा उघडला. सासूबाई दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. नऊवारीवर माझ्या नवऱ्याचा कोट, डोक्याला कानटोपी. त्यांच्या शेजारी मी, माझ्या मागे बसवाला शेजारी. हिरवा दिवा लागला आणि राणी उजवीकडून आली.

"या गावातली एकूण एक गाय आजपासून माझी."

ती थांबली. पाय हलला नाही. सभागृहात कोणीतरी खोकलं. विंगेत नाटकाच्या बाई दिसत होत्या, हातात संहिता घेऊन. पियानो वाजवणाऱ्याने बोटं पट्ट्यांवर ठेवली होती. मी सेकंद मोजत होते. सहावर पोचले.

सासूबाई खुर्चीचा दांडा धरून उभ्या राहिल्या. दोन्ही तळवे तोंडाशी नेले. "हुर्योऽऽ," त्या ओरडल्या. तीस वर्षं मैदानावरच्या पोरांना हाक मारलेला आवाज तो. "ए भवाने, गाई चोरतीस? चालती हो हितनं."

सगळं सभागृह त्यांच्याकडे वळलं. एकालाही शब्द कळला नव्हता, माझ्याखेरीज आणि रंगमंचावरच्या मुलीखेरीज.

मुलीने मान हळूच वळवली. ती दोन पावलं पुढे आली, झगा आवरून धरला आणि दुसऱ्या रांगेकडे बोट रोखलं. या गावात, चार लोकांसमोर, ती आजवर मराठी बोलली नव्हती. शाळेच्या फाटकाशी मी मराठीत हाक मारली तर ती भराभर चालायला लागायची.

"गप्प बस, म्हातारे," ती म्हणाली.

माझ्या मागून पहिला 'बू' आला. तो शेजाऱ्याचा होता. मग रांगेमागून रांग. बुधवारचा तो पाच वर्षांचा मुलगा आईच्या मांडीवर उभा राहून ओरडत होता आणि ती त्याला दोन्ही हातांनी धरून स्वतःही ओरडत होती. राणीला पुढचं वाक्य तीनदा सुरू करावं लागलं.

सासूबाई खाली बसल्या. कानटोपी नीट केली.

"म्हातारे म्हणाली मला," त्या म्हणाल्या.

"हो."

"उच्चार चांगला हाय." मग त्यांनी माझ्याकडे रुमाल मागितला.

नाटकाचे चार प्रयोग झाले. चारही प्रयोगांत दलदलीची राणी तीच होती. शुक्रवारी सासूबाई पोचल्या तेव्हा त्यांच्या खुर्चीवर 'राखीव' लिहिलेला कागद चिकटवलेला होता. त्या फेब्रुवारीत परत गेल्या.

पुढच्या जानेवारीत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्या येऊ शकल्या नाहीत. मुलगी पुन्हा दुष्टाचं काम करत होती, या वेळी जहाज लुटणाऱ्या कप्तानाचं. त्यांना पाठवण्यासाठी माझ्या नवऱ्याने पहिला प्रयोग फोनवर चित्रित केला. त्यात कप्तान उजवीकडून येतो, एक वाक्य बोलतो आणि थांबतो. दुसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरून शेजारी उठतो, तळवे तोंडाशी नेतो आणि किल्डेअरच्या हेलात "हुर्यो" म्हणून ओरडतो. कप्तान त्याच्याकडे बोट रोखून म्हणतो, "गप्प बस, म्हाताऱ्या."

शेजारी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता.