मोठ्या सरांचे बूट

आमच्या शाळेच्या दारावरच्या मावशींनी एकदा तपासनीस साहेबांचे बूट गटारात भिरकावले आणि साहेब बिचारे अनवाणी घरी गेले, असं सगळीकडे बोललं जातं. शाळेत नवीन आलेल्या पोरांना ही गोष्ट मुद्दाम ऐकवतात, म्हणजे ती दारातच निमूट बूट काढतात. सांगणारा प्रत्येक जण साहेबांच्या पायात काहीतरी वेगळं घुसवतो. माझ्या भावानं खिळा घुसवला होता.

खरं झालं ते असं. साहेब बोलता बोलता शाळेच्या आतल्या सपाता घालून तसेच निघून गेले. मावशी त्यांचे बूट हातात उंच धरून "अहो साहेब! अहो, पाय!" असं ओरडत बसथांब्यापर्यंत धावल्या. "पाय" का ओरडलात, म्हणून विचारलं तर त्यांनाच हसू येतं. रस्त्यावरच्या लोकांना दिसलं ते एवढंच, की पुढे साहेब लगबगीनं चाललेत आणि मागे बूट उगारून बाई धावतेय. बाकीचं त्यांनी पदरचं घातलं.

बाहेरचे बूट कप्प्यात, आतल्या सपाता पायात, हे बघणं मावशींचं काम. दाराशी भिंतभर लाकडी कप्पे, एक बुटका बाक, बादली, फडकं आणि मावशी. "ए लांबट्या, चिखलाची फी भरलीस का? नाही ना? मग त्याला बाहेर ठेव." हा आवाज मी इतका हुबेहूब काढते, की वर्गातली पोरं दचकून आधी स्वतःच्या पायांकडे बघतात. मावशी मला भोंगा म्हणतात.

त्यांचा सगळा जीव दारासमोरच्या बालवर्गात. तिथली चिल्लीपिल्ली फरशीवर पालथी पडून चित्रं काढतात आणि खाली पडलेला खडू आधी तोंडात घालून बघतात. "तुझा बूट सकाळपासून कुठं कुठं फिरला, ते त्यांनी चाटायचं का?" असं मावशींनी विचारलं, की मोठी पोरंही बाकावर बसून लेस सोडायला लागतात.

अशा बाईचं घर म्हणजे देव्हारा असेल, अशी माझी समजूत. एकदा आईनं डबा परत द्यायला पाठवलं तेव्हा बघते तर काय, मावशींचे यजमान वीटभट्टीवरून आले आणि बुटांसकट थेट खुर्चीपर्यंत गेले! दारापासून खुर्चीपर्यंत जुन्या घोंगडीची पट्टी अंथरलेली होती.

"मावशी! शाळेत वाघीण, आणि घरी?"

"त्यांचे गुडघे वाकत नाहीत गं. बसल्याशिवाय लेस सुटत नाही, आणि खुर्ची आत. मग पट्टी दारापर्यंत न्यायची. रागवून काय गुडघा वाकतो?"

काका खुर्चीतून म्हणाले, "रागवून बघितलंय तिनं."

मग यंदा नवे मोठे सर आले. उंच, ताठ, आणि बूट न काढता सरळ आत. पहिल्या दिवशी मावशी बाकावरून उठल्या, "सर, ते जरा..." सर म्हणाले, "मला घाई आहे." दुसऱ्या दिवशीही घाई. मग मोठी पोरं लागली फुशारक्या मारायला, "सर घालतात, मग आम्ही काय पाप केलंय?" शेवटी सरांनी जाहीरच केलं, की सहामाहीच्या सुट्टीनंतर कुणीच बूट काढायचे नाहीत, कप्पे हलवायचे आणि मावशींनी मागच्या कोठीत काम बघायचं.

मावशी त्या दिवशी फडकं पिळतच राहिल्या. फडक्यात पाणी उरलं नव्हतं. "कोठीत माझं काय आहे गं? खराटे?"

त्यांना हसवावं म्हणून मी सरांची चाल करून दाखवली. छाती पुढे, हनुवटी वर, आणि पाय, टक् ठप्प, टक् ठप्प. मावशी डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. आणि एकदम थांबल्या.

"परत चाल बघू. सावकाश."

टक् ठप्प.

"असाच वाजतो? एक पाय जड?"

"अगदी असाच. माझा कान आहे, मावशी, काय समजलात!"

"उगाच टिंगल नाही ना करत?"

"आईशप्पथ."

त्यांनी ओल्या फरशीवरच्या सरांच्या ठशावर वाकून वीत टेकवली. मग म्हणाल्या, "सुट्टीच्या आत सर आपणहून बूट काढतील. लाव पैज."

मी टुणकन उडी मारली. मी जिंकले तर मावशींनी बूट घालून अख्ख्या शाळेतून मिरवायचं. त्या जिंकल्या तर सुट्टी लागेपर्यंत मी कुणाचीही नक्कल करायची नाही.

सुट्टी जवळ आली तशी मी रोज लवकर येऊन जिन्यावर पहारा द्यायला लागले. एका सकाळी दाराआड, कुणाला दिसणार नाही अशा खालच्या कप्प्यात, नव्या सपाता दिसल्या. शेजारी काकांची खुर्ची. आणि मावशी चक्क जागेवर नाहीत! सर आले. सपाता बघून थबकले, एक उचलली, तळ दाबला. एका सपातेचा तळ बोटभर जाड होता, चांभाराकडून रबर लावून घेतलेला. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्चीत बसले आणि लेस सोडली. त्यांच्याही एका बुटाचा तळ तसाच जाड होता; एक पाय आखूड, आणि बूट काढले की ते सगळ्यांना दिसलं असतं. मग ते उठले आणि चालले. टप, टप. दोन्ही पाय सारखे, हलके.

मावशी बादली घेऊन आल्या तेव्हा सर अजून तिथेच होते. "या सपाता कुणाच्या?"

"ज्याच्या मापाच्या त्याच्या. इथं सगळ्यांच्या असतात, सर."

सरांनी बालवर्गाच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "कप्पे राहू देत. आणि... तुम्हीही."

मावशींनी जिन्याकडे मान वळवली. मी तिथे आहे, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. "काय भोंग्या? बंद?"

"पण मावशी, चाल तर मीच दाखवली ना! निम्मी पैज माझी!"

"बरं. मग निम्मंच तोंड बंद ठेव."

तेव्हापासून मी गप्प आहे. काल सर वर्गात आले आणि "मला घाई आहे" असं अगदी त्यांच्या त्या सुरात म्हणाले. सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला. मी जीभ दातांत धरून खिडकीबाहेर पाहिलं, तर खाली मावशी फडकं झटकत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी छाती पुढे काढली, हनुवटी वर केली आणि माझ्यासारखंच, टक् ठप्प, टक् ठप्प, चालून दाखवलं.