वरची दहा पापलेटं

बंदरावर संशोधन केंद्रातली एक मुलगी माशांची लांबी मोजायला आली होती. मी ज्यांच्याकडून नेहमी मासळी घेते त्या कोळीण मावशींना ती म्हणाली, "कुठलीही दहा पापलेटं द्या." मावशींनी टोपली चाळून सगळ्यांत मोठी दहा काढली, वर धुऊनही दिली.

"मावशी, लहानमोठी सगळी हवीत."

"पाहुण्याला कोण बारकं देतं, बाय?"

मला हसू आलं. घरी कोणी येणार म्हटलं की मीही पसारा आतल्या खोलीत ढकलते. पण इथे मोजायचा होता तो पसाराच. मुलीने टोपलीच्या तळाशी हात घातला. तळहाताएवढीही नसलेली पापलेटं वर आली.

मावशींचा आवाज उतरला. "ती नको मोजू गो. ती वाढायची होती अजून."